कॉमा म्हणजे श्वास नव्हे

आमच्या कारंजा गावात थंडी आली हे आम्हाला जीनच्या आवाजावरून कळायचं. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली, की कापसातली सरकी वेगळी करणारा तो कारखाना सुरू व्हायचा आणि मग होळीपर्यंत त्याची घरघर दिवसभर कानात राहायची. आमची वस्ती जीनच्या मागच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडे बाबा फिटर होते. पाळी संपवून घरी यायचे तेव्हा डोक्याला, भुवयांना, कानाच्या पाळीला रुई चिकटलेली असायची. माय त्यांना दारातच उभं करून टॉवेलानं झटकायची. बाहेरच्यांना ते हौसेचं वाटायचं. खरं कारण वेगळं होतं. त्या रुईनं दादाला खोकला सुटायचा आणि दादाचं अंग खोकला सोसणारं नव्हतं.

दादा म्हणजे सुगत, माझा एकुलता एक भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला सिकलसेल होता. आज आमच्या भागात शाळेतल्या पोरांनाही हा शब्द माहीत आहे, तपासणीच्या गाड्या येतात, गोळ्या मिळतात. तेव्हा नुसतं नाव कळायलाच त्याचं अर्धं बालपण गेलं. डोळे पिवळे दिसायचे म्हणून कोणी कावीळ म्हटलं, सांधे सुजायचे म्हणून कोणी वात म्हटलं. धनजच्या मामांनी तर कुठून कुठून झाडपाला आणून पाजला. थंडी पडली, की दुखणं यायचं. आधी बोटं, मग गुडघे, मग पाठीचा कणा. दादा ओरडत नसे. भिंतीकडे तोंड करून, दोन्ही मुठी पोटाशी घेऊन पडायचा आणि त्याच्या नाकातून बारीक, एकसारखा आवाज यायचा. माय तव्यावर मीठ गरम करायची, फडक्यात बांधायची आणि शेकत बसायची. पाणी भरपूर पाजा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून ती तांब्या घेऊन त्याच्या मागे असायची. बरा असला की त्या दिवसांत घरात तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडायच्या. दादा उशीला टेकून शेंगा सोलायचा, दाणे माझ्या हातावर ठेवायचा आणि टरफलं पुस्तकात खूण म्हणून घालायचा. त्याच्या सगळ्या पुस्तकांना त्या टरफलांचा वास होता.

पुस्तकं इंग्रजी. शाळेत तो हजर कमी आणि अंथरुणात जास्त, त्यामुळे वाचन हेच त्याचं हिंडणं-फिरणं. कॉलेजात गेल्यावर इंग्रजीच्या सरांनी त्याला ग्रंथालयातून कादंबऱ्या आणून दिल्या. रद्दीवाल्याकडून त्यानं पुठ्ठा नसलेलं एक जाडं व्याकरण मिळवलं आणि ते असं वाचलं, जसं आपण गोष्टीचं पुस्तक वाचतो. मग तो स्वतः कथा लिहू लागला, इंग्रजीत. बाबांना हे उमगत नव्हतं. एकदा जेवताना ते म्हणाले, "सुगत, मराठीत काहून नाई लिहत तू? आमी बी आयकलं असतं."

दादानं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. म्हणाला, "बाबा, मराठीत लिहलं का लोक म्हनतात, हा आपली जात लिहून राह्यला. आजार लिहला का म्हनतील, बिचारा. इंग्रजीत मले कोनी वळखत नाई. तिथं ते नुस्तं वाचतील."

बाबांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली का जेवण निवत होतं म्हणून, ते मला कळलं नाही. मी स्वतः पुढे आयुष्यभर मराठी मुलांना इंग्रजी शिकवलं आणि आता हे प्रकरण मराठीतच लिहिते आहे. दादाचं म्हणणं मला कधी पूर्ण पटलं, कधी मुळीच नाही. पण तो ते कोणत्या अंथरुणावरून बोलत होता हे मी पाहिलं आहे, म्हणून वाद घालत नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले त्या थंडीत दादाचा उजवा खांदा गेला. गेला म्हणजे, हाडाला रक्त पोचेनासं झालं आणि हात खांद्यातून उचलेना. पेन धरलं तरी दोन ओळींत बोटं कापायची. त्याची एक कथा अर्ध्यावर होती. मुंबईच्या एका इंग्रजी मासिकाला पाठवायची असं त्यानं ठरवलेलं. त्याच्या आधीच्या कथा त्या मासिकानं परत पाठवल्या होत्या, पण शेवटच्या खेपेला संपादकांनी हातानं एक ओळ लिहिली होती: पुढची पाठवा. त्या ओळीवर तो वर्षभर जगत होता म्हटलं तरी चालेल. त्यानं मला बोलावलं आणि म्हणाला, "मी सांगतो, तू लिह."

माझं इंग्रजी म्हणजे पाठांतर. शाळेत आम्हाला शिकवलेलं, की वाचताना जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे स्वल्पविराम. इतका सोपा नियम मला दुसरा माहीत नव्हता. मी दादाच्या खाटेजवळ बसले, मांडीवर पाट घेतला आणि तो बोलेल ते लिहीत गेले. शब्द अडला की तो एकेक अक्षर सांगायचा. त्या दिवशी त्याच्या छातीत भरून आलं होतं. चार शब्द बोलायचा, थांबायचा, दोन बोलायचा, ओठ दाबायचा, पुन्हा बोलायचा. तो थांबला की मी कॉमा द्यायची. पानभर मजकूर झाला तेव्हा मला वाटलं, आपण फार नेटकं काम केलं.

"आन इकडं," तो म्हणाला. मी कागद त्याच्या तोंडासमोर धरला. तो वाचत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला. दादा माझ्यावर कधी चिडत नसे. त्या दिवशी डाव्या हातानं त्यानं तो कागद ओढला आणि जमिनीवर टाकला.

"हे काय लिहलं व तू?"

"तूच सांगतलं ना."

"हे कॉमे कोनं सांगतले?"

"तू थांबत होता, म्हून मी..."

"मी थांबत नाई," तो म्हणाला. त्याला एवढं बोलायलाही मधे थांबावं लागलं, आणि त्यामुळे तो जास्तच संतापला. "मले थांबा लागते. हे कॉमे नाईत. हे माह्यं दुखनं हाय. तू माह्यं दुखनं लिहून ठेवलं पानभर."

माय चुलीपाशी होती. ती हातातलं उलथणं घेऊन दारात आली आणि आमच्याकडे पाहत राहिली. मी कागद उचलला. खरंच, प्रत्येक ओळीत शेंगेच्या देठासारखे ते वळलेले कॉमे होते. तो श्वासाला कुठे कुठे अडला होता याची नोंद त्या पानावर झाली होती. मला रडू आलं. दादा बराच वेळ छताच्या टिनाकडे पाहत पडला, मग हलक्या आवाजात म्हणाला, "इकडं ये. कॉमा म्हन्जे श्वास नोहे. माह्या श्वासाचा काई भरोसा नाई. कॉमा अर्थानं देतात. तुले शिकाच लागन."

तिथून पुढे दुपारी कॉलेजातून आले, की माझी शिकवणी. पहिला धडा आमच्याच घरातला होता. त्यानं मला इंग्रजीत एक वाक्य लिहायला लावलं, भावाबद्दल. मी लिहिलं, 'माय ब्रदर हू इज सिक रीड्स नॉव्हेल्स.' माझा भाऊ, जो आजारी आहे, कादंबऱ्या वाचतो.

"तुले भाऊ किती?" त्यानं विचारलं.

"एकच."

"तू लिहलं त्याच्यात चार हायेत. त्यातला जो आजारी हाय तो वाचते, बाकीचे हिंडून राह्यले." मी गोंधळले. तो म्हणाला, "'ब्रदर'च्या मांगं एक कॉमा दे, 'सिक'च्या मांगं एक दे. आता मधातलं उचलून फेक. काय उरलं?"

"माय ब्रदर रीड्स नॉव्हेल्स."

"हां. दोन कॉम्यांच्या मधात जे हाय ते फेकता येते. मानूस तसाच राह्यते." एवढं बोलून तो हसला. मी हसले नाही. मला त्या वयातही ते वाक्य नुसतं व्याकरणाचं वाटलं नव्हतं, आणि त्याला ते कळलं होतं.

बाकीचे नियम मी चुका करकरून शिकले. दोन पुरी वाक्यं नुसत्या कॉम्यानं जोडायची नाहीत. त्याला सोबत 'अँड' किंवा 'बट' द्यायचा, नाहीतर सरळ फुलस्टॉप देऊन मोकळं व्हायचं. कथेतलं माणूस बोललं, की त्याच्या बोलण्याच्या शेवटी कॉमा, मग अवतरण बंद, मग 'शी सेड'. आणि हा कॉमा अवतरणाच्या आत, बाहेर नाही. कुणाला हाक मारली तर नावाआधी कॉमा, नाहीतर माणूस हाक ऐकायच्या ऐवजी वाक्यातली वस्तू होतो. एकदा त्याच्या कथेतली बाई वाटेत शिदोरी खायला बसते ते मी लिहिलं, 'व्हाइल शी वॉज ईटिंग द बुलक वेटेड.' दादानं वाचलं आणि खोखो हसत सुटला. "तुही बाई तं बैल खाऊन राह्यली व! 'ईटिंग'च्या मांगं कॉमा दे, बैलाले वाचव!" मायही न समजता हसली. हसता हसता त्याच्या बरगडीत कळ आली आणि हसणं तिथेच मोडलं. मग अर्धा तास मिठाची पुरचुंडी, पाणी आणि भिंतीकडे फिरवलेलं तोंड. आमच्या घरात हसणंसुद्धा बेतानं करावं लागे. आता मोबाईलवर इंग्रजी टाइप केलं, की चुकीच्या जागी आपोआप निळी रेघ येते. माझा नातू म्हणतो, आजी, शिकायची गरजच काय?

कथा एका बाईची होती. नवरा आणि दीर गावात नसताना ती एकटी कापसाची बैलगाडी घेऊन बाजारात येते, दिवसभर रांगेत थांबते, बाईमाणसाची गाडी म्हणून लोक मागे ढकलतात, ती ढकलू देत नाही, कापूस विकते आणि संध्याकाळी आपल्या गावाला परत जाते. एवढंच. तिच्यात कोणी आजारी नव्हतं, कोणी मरत नव्हतं. जात कुठली हेही कळत नव्हतं. असं असूनही मला लिहिताना तिच्या पाठीचा ताण माझ्या पाठीत जाणवायचा. दादा आता कॉमे सांगत नसे. तो बोलायचा, अडायचा, दम घ्यायचा आणि मी त्याच्या थांबण्याकडे लक्ष न देता वाक्य कुठे जातंय तिकडे लक्ष ठेवायची. सख्ख्या भावाच्या धापेकडे दुर्लक्ष करणं ही काही लहान गोष्ट नव्हती. पण त्याला तेच हवं होतं. पान वाचून झालं आणि त्यात एकही कॉमा खोडावा लागला नाही, तर तो नुसता "हं" म्हणायचा. माझ्या साऱ्या नोकरीत मला त्याहून मोठी शाबासकी मिळाली नाही.

कथेची शेवटची दोन पानं राहिली असताना ते धुकं पडलं. सकाळी दारातून समोरची भिंत दिसत नव्हती. दादाच्या छातीत रात्रीपासून दुखत होतं, सकाळी ओठ निळे झाले. तालुक्याच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, अकोल्याला न्या. बाबांनी जीनच्या मालकाची जीप मागून आणली. मागच्या सीटवर दादाचं डोकं मायच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. माझ्या पिशवीत कथेचे कागद होते. ते घे, असं त्यानंच निघताना सांगितलं होतं.

मोठ्या दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला आणि रक्त लागेल म्हणाले. बाबांनी लगेच बाही वर केली. डॉक्टरांनी आमची सगळ्यांची तपासणी केली आणि मग घरच्या कोणाचंच रक्त चालणार नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जीनमधले बाबांचे सोबती आले, हमाल, रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर काम करणारे, केसांत तशीच रुई घेऊन, आणि रक्त देऊन दुपारच्या पाळीला परत गेले. त्यांतल्या कोणीही आमच्याकडून साधा चहादेखील घेतला नाही.

तरुण डॉक्टर होते, समजावून सांगणारे. व्हरांड्यात त्यांनी माय-बाबांना जवळ बोलावलं. म्हणाले, हा आजार लागट नाही, आई आणि वडील दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा असतो, त्यांना त्रास नसतो. मुलाला दोन्ही अर्धे आले तर पूर्ण होतो. मुलीकडे एकच अर्धा आलाय, तिला काही होणार नाही, फक्त लग्न ठरवताना मुलाचं रक्त तपासा. माझ्याकडे पाहून त्यांनी हे हसतमुखानं सांगितलं. पुढे हे ऐकून दोन घरांनी मला नकार दिला, पण ती वेगळी गोष्ट.

माय डॉक्टर जाईपर्यंत उभी होती. मग भिंतीला धरून खाली बसली. "म्हन्जे मीच देल्लं त्याले?" ती म्हणाली. "जल्मभर मी शेकून राह्यली, पानी पाजून राह्यली, आन देल्लं बी मीच?"

"तू एकटीनं नाई देल्लं," बाबा म्हणाले. "दोघायनं देल्लं." ते तिच्याशेजारी बसले. एवढंच. बाबांना यापेक्षा जास्त बोललेलं मी कधी ऐकलं नाही, आणि मायनं ते ऐकलं का नाही तेही मला माहीत नाही. त्यानंतर ती दादाला हात लावताना आधी थोडी थांबायची.

रक्त चढल्यावर दादाला दोन दिवस बरं वाटलं. सकाळी वॉर्डात ऊन यायचं तेव्हा तो तोंडावरचा मास्क बाजूला करायचा आणि म्हणायचा, "लिह." परिचारिका रागवायच्या, मग त्यांनीही सोडून दिलं. शेवटचं वाक्य त्यानं तिथेच सांगितलं. बाई घरी पोचते. 'शी अनटाइड द बुलक्स अँड गेव्ह देम वॉटर अँड वेंट इन.' तिनं बैल सोडले आणि त्यांना पाणी दिलं आणि ती आत गेली. मी लिहिलं आणि पेन थांबवलं.

"दादा, तीन कामं हायेत. ओळीनं तीन गोष्टी आल्या का कॉमे देतात म्हनला होता तू."

"नको देऊ."

"पन नियम..."

त्यानं मास्क लावून दम घेतला, पुन्हा काढला. "'अँड' दोन डाव हाय, म्हून चालते. आन ती थांबत नाई ना व. दमली हाय. कॉम्यावर थांबली तं तिथंच बसून जाईन. तिले एका दमात घरात जाऊ दे."

मी कॉमे दिले नाहीत. त्यानं सगळी कथा एकदा माझ्याकडून वाचून घेतली, डोळे मिटून. संपल्यावर 'हं' म्हणाला. दोन दिवसांनी त्याच्या छातीत पाणी झालं आणि भरदुपारी, माय नळावर तांब्या भरायला गेली असताना, तो गेला. बाबा त्याच्या पायाशी होते, मी उशाशी. माय तांब्या घेऊन आली, तिनं आमच्याकडे पाहिलं आणि तो तांब्या कुठे ठेवावा हे तिला बराच वेळ सुचेना.

घरी आणलं, विहारातले लोक आले, वंदना झाली. जीन दोन तास बंद ठेवली होती असं नंतर कळलं. मला त्या दिवशीची शांतता आठवत नाही. काही आठवड्यांनी मी कथेची स्वच्छ प्रत केली. प्रत्येक कॉमा पुन्हा तपासला. आता विचारायला कोणी नव्हतं, आणि मला आढळलं, की विचारायची गरजही नव्हती. कथा त्याच्या नावानं पाठवली. सोबत दोन ओळी लिहिल्या, की लेखक हयात नाही.

पुढच्या हंगामात मासिक आलं. बाबांना यंत्रांवरच्या पाट्यांमुळे इंग्रजी अक्षरं ओळखू यायची. त्यांनी बोट ठेवून एस, यू, जी, ए, टी असं एकेक अक्षर वाचलं, मासिक माझ्या हातात दिलं आणि पाळीवर निघून गेले. मी उभ्या उभ्याच शेवटचं पान काढलं. कथा जशीच्या तशी होती, फक्त शेवटचं वाक्य त्यांनी नीट केलं होतं. पहिला 'अँड' काढलेला. 'शी अनटाइड द बुलक्स, गेव्ह देम वॉटर, अँड वेंट इन.' दोन कॉमे. व्याकरणानं त्यांचं काही चुकलं नव्हतं. कुठल्यातरी टेबलावर कोणीतरी आपलं काम चोख केलं होतं. त्या दोन कॉम्यांवर माझी नजर किती वेळ खिळली होती कोण जाणे. दादा गेला तेव्हा मी रडले नव्हते इतकी त्या पानावर रडले.

माय चुलीपुढून उठून आली. तिला वाटलं, छापून आलं म्हणून रडते आहे. ती माझ्यासमोर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वाच."

"माय, इंग्रजीत हाय. मी तुले मराठीत सांगते."

"नाई. तो जसा बोलला तसं वाच."

मी वाचलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. शब्द तिला कळत नव्हते, तिला फक्त आवाज कळत होता. खाटेवरून येणारा, चार शब्दांवर अडणारा दादाचा आवाज तिनं त्या एका कथेसाठी कित्येक दुपारी ऐकला होता. मी थांबायचं तिथेच थांबत गेले. शेवटचं वाक्य मात्र छापलेलं वाचलं नाही, त्यानं सांगितलेलं वाचलं, एका दमात, आणि मासिक मिटलं.

तिनं मिटलेल्या मासिकावरून हात फिरवला.

"कुठंच अडला नाई व तो," ती मग म्हणाली.

"नाई."

"मंग तेवढा वखत दुखलं नसन त्याले."

मी तिचा हात धरला. तो चुलीपाशी बसल्यानं गरम होता.

"नाई, माय," मी म्हणाले. "नाई दुखलं."